दोन हातांचं अंतर

हसू नका, पण घोड्याला वळण लावायला गेलो आणि मीच गाढव ठरलो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर आमचा राजा पर्यटकांना फिरवायचा. बाबा लगाम धरून पुढे, आणि हा मागून त्यांच्या पाठीत डोक्याने ढुशा देत चालायचा.

बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर त्यांच्या बहिणीकडे देवगडला गेले आणि राजा माझ्या हाती आला. पहिल्याच दिवशी त्याने मागून ढुशी देऊन मला चारचौघांत वाळूत तोंडावर पाडलं. म्हटलं, थांब, तुझी मस्तीच उतरवतो. मग रोज सकाळी तेच. ढुशी दिली की लगामाला हिसका आणि चार पावलं मागे. मी थांबलो की त्यानेही थांबायचं, दोन हात अंतर ठेवून. शिकला बिचारा.

बाबा परत आले त्या संध्याकाळी तेच राजाला घेऊन घरी निघाले. मी मागून. वाळूच्या चढावर बाबा मध्येच थांबले. राजाही थांबला, बरोबर दोन हातांवर. मी खूश.

"ढकल रे," बाबा त्याला म्हणाले. तो हलला नाही.

"अरे, ढकल!"

राजा नुसता कान हलवत उभा. बाबा माझ्याकडे वळले. "ह्येका काय केलंस?"

"वळण लावलंय तेका. मस्ती करता ना."

"मस्ती नाय रे ती. माजी ढोपरां दुखाक लागल्यापासून तोच माका हयसून वर चढवता."

ढोपरं दुखतात हे बाबा आम्हाला कधी बोललेच नव्हते.

आता रोज त्या चढावर मी राजाकडे पाठ करून उभा राहतो, "ढकल रे राजा" म्हणतो. तो दोन हात मागे थांबतो. अगदी शहाण्यासारखा.