चारशे बारापैकी चारशे बारा

...अन् वरून मलेच इचारते, "चांगलं कोन लिवते, साहेब?" आता तुमीच सांगा, याले मानसानं काय उत्तर द्यावं! तुमाले म्हनून सांगतो, मी प्रफुल, ढोरायचा डॉक्टर, वरचं शिक्षन करून राह्यलो, पन रक्त दिसलं का माह्या डोयापुढं अंधारी येते. हासू नका! ऊर्जानगरच्या, वीज कंपनीच्या क्वार्टरात वाढलेला पोट्टा मी. बकरा पाह्यला थो पुस्तकातल्या चित्रात, नाई तं डायरेक्ट रश्श्यात. मधातलं काई मी कधी पाह्यलंच नाई!

म्हनून तं अभ्यासाचा विषय असा निवडला का... रिट्रोस्पेक्टिव्ह! आहाहा! म्हंजे मागं फिरून पाह्याचा. मागच्या दहा वर्सात खाटीकखान्यात बकरे कापले, त्याईतल्या किती जनाच्या कलेजीत थो पानासारखा चपटा किडा निंगाला, थे सप्पा रजिस्टरात लिवलंच असन, आपुन फक्त पानं उलटवाचे. कापनारा कापून गेला, खानारा खाऊन गेला, आपल्याले उरली फक्त शाई! मले तं जागेपनी सपनं पडे... वरती पंखा सावकास फिरून राह्यला, खिडकीतून मोहाचा वास येऊन राह्यला, अन् मी एकेक बकरा मोजून राह्यलो. हा पोंभुर्ण्याकडचा, धानाच्या बांधीत चरला, बोडीचं, म्हंजे लहान्या तयाचं, पानी पेला, काठच्या गवतासंगं किडा पोटात गेला. थो कोरपन्याकडचा, कापसाच्या कोरड्या रानातला, कलेजी कसी साफ! नकाशावर अर्धा मुलूख हिरवा, अर्धा पिवया, अन् खालती माह्यं नाव...

गाईड सर नागपूरचे. म्हनते, "प्रफुल, सोमवारपर्यंत अभ्यासाचा आराखडा दे. नाही जमलं तर वर्षभर रोज सकाळी खाटीकखान्यात उभा राहा आणि समोर कापताना मोज." समोर! कापताना! रोज! मी म्हनलं, सर, सोमवार कायले, शनवारीच देतो.

गेलो मंग. गावाचं नाव नाई सांगत. तिथी खाटीकखान्यात देवरावभाऊ. डॉक्टरनं कलेजी पाह्याची अन् यायनं लिवाची, दहा वर्सं झाले. जुन्या लुगड्यात बांधलेलं रजिस्टर सोडलं त्यायनं, अन् काय अक्षर सांगू, मोती! 'कायी बकरी, कान फाटका, कलेजीत किडे, सकायपासून झडी.' झडी बी लिवली, बाप्पा! मी वाचत गेलो, वाचत गेलो, त्या झडीत भिजत गेलो, चहा थंडा झाला, तीन वर्साचे पानं कुठी सरले समजलं नाई... अन् एकदम उलटा फिरलो, पयल्या पानापासून पाह्यलं. हरेक ओयीत किडे! मोजलं. चारशे बारा बकरे, चारशे बाराच्या कलेजीत किडे!

"भाऊ, हे तं सप्पाच किडेवाले?"

"हो नं."

"अन् ज्याईच्यात किडे नाई निंगाले थे?"

"थे तं चांगले होते." माह्याकडं असं पाह्यलं जसं मीच बिमार हावो. "चांगलं कोन लिवते, साहेब?"

सराईले फोन लावला. "शंभर टक्के? अरे, त्या भागात एकही धड बकरा नाही? एकूण कापले किती?" मी देवरावभाऊले इचारलं. थे म्हनते, भरपूर. मी म्हनलं, सर, भरपूर. सर म्हनते, "चारशे बारा भागिले भरपूर किती होतात, सांग बरं!"

घरी आलो. भिंतीवर आईचं कॅलेंडर. दूधवाला ज्या दिवसी नाई आला त्या दिवसी फुली. आला थे सप्पे दिवस कोरे! मी पाहतच राह्यलो. माह्या लहानपनाचं रजिस्टर काढलं तं काय निंगन? गोवर, कांजन्या अन् नववीत गनितात नापास! अन् थ्या हजार दुपारी? कंपनीच्या बसच्या खिडकीले डोस्कं टेकवून झोपलो, काईच झालं नाई, ऊन नुसतं गालावर... किती चांगलं होतं, लेका! कोनं लिवलं? खरंच सांगतो, डोये भरून आले. देवरावभाऊचं बरोबरच होतं. चांगलं कोन लिवते?

पन सर काय कॅलेंडर पाहते? सोमवारी सराईनं लाल पेनानं आराखड्यातलं 'मागं पाह्याचा' खोडलं अन् 'पुढं पाह्याचा' लिवलं. झालं!

मंगयवारी सकायी सहा वाजता मी खाटीकखान्यात. हातात नवं रजिस्टर, पयला रकाना मोठ्या अक्षरात, 'एकूण कापले'. मी काई देवरावभाऊ नोहो! थे आले, माह्यं तोंड पाह्यलं, हयूच म्हनते, "साहेब, घाबरू नका. डोये मिटून उभे राहा. किडा निंगाला का मी आवाज देतो." काय देवमानूस! मिटले मी डोये. अन् काय सांगू, लय बरं वाटलं... थंड हवा, कुठीतरी पाखरं, धुक्यात भिजल्या धानाचा वास... "साहेब, किडा!" डोये उघडले, लिवलं, मिटले. पुन्हा पाखरं... "साहेब, किडा!" नऊ वाजेपर्यंत तीन.

सराईचा फोन. "शाब्बास! तीन! आता सांग, कितीपैकी?"

मी रजिस्टर पाह्यलं. 'एकूण कापले' हा रकाना कोरा.

"सर... चांगल्याच्या टायमाले माह्ये डोये बंद होते नं!"