भारद्वाजामागचा करपा

अरे, आमच्या प्रदर्शनातला पहिला फोटो कसा विकला गेला, ऐका.

पक्ष्यांच्या पाणवठ्यासाठी निधी हवा म्हणून आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळानं जळगावात फोटोस्पर्धा घेतली आणि आलेले फोटो विकायला मांडले. दुपारपर्यंत एकही गेला नाही. मग चोपड्याचे एक नाना माझ्या भारद्वाजापुढे थबकले आणि त्याच्यामागच्या केळीच्या पानावर बोट ठेवून ओरडले, "हाऊ त करपा शे! बाग कोणाची?"

मी ज्याला सोनेरी छटा म्हणत होतो, तो पानाचा रोग निघाला. मी बागवाल्याचं नाव सांगितलं.

"माझा शेजारी! 'माझ्या बागेत करपा नाही' म्हणून महिनाभर भांडतोय. दे हा फोटो!"

मी आनंदानं गुंडाळायला घेतला, तर नाना म्हणाले, "थांब. आधी तो पक्षी काढ. अर्धा करपा झाकलाय त्यानं."