देवरामची दम्याची गोळी

डोंबिवलीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या संचिताला शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. खरं तर ते सगळ्यांनाच ऐकू येत होतं, कारण भीमाबाईंना नवऱ्याशी मोठ्याने बोलावं लागत होतं.

"आज डॉक्टरांना सांगायचं, ऐकायला कमी येतंय म्हणून."

"काही नाही सांगायचं."

"अहो, त्यांनी आधीच बजावलेलं. ही अँटिबायोटिकची गोळी महिनोन्‌महिने घेतली की कधीकधी कानांवर परिणाम होतो, तसं वाटलं तर लगेच कळवा."

"कळवलं की बंद करतील."

"करू देत."

"करू देत म्हणे! नुसत्या पंपावर होतो तेव्हा सारखा ॲडमिट होत होतो, विसरलीस? जिना चढवत नव्हता. आता पायलला कडेवर घेऊन चढतो मी."

"तीच पायल काल मागनं हाका मारत होती, आजोबा, रिक्षा आली! आणि तुम्ही आपले रस्त्याच्या मधोमध."

देवराम तिच्याकडे वळले.

"गोळी सुटली तर तुझं सगळं ऐकू येईल गं. पण उत्तर द्यायला दम उरायचा नाही."

"नका देऊ उत्तर. मी ओळखीन."

आतून नाव पुकारलं गेलं. भीमाबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला, दोघं उठून आत गेले. दार लोटलं जाण्याआधी संचिताला आतलं पहिलं वाक्य ऐकू आलं. आवाज देवरामांचा होता.

"डॉक्टर, मला ऐकायला कमी येतंय."