छातीवरचा बिल्ला

मी मूळची शाहूवाडीकडची, भाताच्या चिखलात वाढल्याली, लगीन होऊन कोल्हापुरात आले, मालक गेलं तवापास्नं रस्त्याच्या मधल्या झाडास्नी पाणी घालायचं काम करते बघा पावणं. पाळी दुपारची. दोन्ही अंगानं गाड्या, मधी आम्ही तिघी बायका टँकरचा पाईप धरून. आता दम लागतोय, खोकून खोकून बरगड्या दुखत्यात. मुकादमाला म्हटलं, मला सकाळची पाळी द्या, तर त्यो म्हणाला, दम काय सगळ्यांस्नीच लागतोय, पुरावा आण.

मग काय सांगू तुम्हाला, कॉलेजातली एक पोरगी आली, गुणाची पोर. म्हणाली, मावशी, गाड्यांच्या धुरावर ऊन तापलं की ओझोन तयार हुतोय, त्यो दिसत न्हाय पर छातीत जातोय, तुमच्या वाट्याला किती येतोय ते मोजायचंय. आन् तिघींच्या छातीवर एकेक बिल्ला लावला, आत औषध लावल्याला कागद. आठवडाभर कामावर लावा म्हणाली, लई महाग हाय, जपा. मी इचारलं, मुकादमाला दाखवायला लेखी मिळंल का, तर व्हय म्हणाली की.

हितंच माझी अक्कल चरायला गेली. आमच्यात चांगली वस्तू उन्हाधुळीत मिरवत न्हाईत, नवं लुगडं असू दे न्हाय तर डोरलं, गुंडाळून ठेवायचं, आईनं तसंच शिकवलं. तवा ऊन तापलं की मी बिल्ला काढायची, धुतल्या फडक्यात बांधून जेवणाच्या डब्यात ठेवायची, काम सुटताना परत लावायची. जपा म्हणाली हुती, मी जपला. त्या दोघींनी मातूर न्हाय जपला, घामानं पार कळकट झालते त्यांचे.

महिन्यानं आकडे आले. त्यांचे लई, माझा नावाला. पोरगी म्हणाली, मावशी, असं कसं. मी डब्याचं सांगितलं तशी कपाळाला हात लावून खालीच बसली. उघडा ठेवायचा हुता वो, म्हणाली, मीच नीट सांगितलं न्हाय. परत लाव म्हटलं, तर बिल्ले संपल्याले.

मुकादमानं कागद बघून त्या दोघींस्नी सकाळी घेतलं. मला म्हणाला, तुझी हवा तर चांगली हाय की. अवो, एकाच पाईपाला तिघी हुतो. पोरगी त्याला सांगायला आलती, मी बी सांगितलं, त्यो म्हणतोय कागदावर हाय ते खरं.

त्या दोघींची लेकरं ल्हान हायत, त्यांचं भलं हूदे. दुपारी आता मी एकटीच. दहा झाडं झाली की खाली बसायला लागतंय. ल्योक म्हणतोय, सोड काम. सोडीन की. पर मला दम लागतोय ह्ये एकदा कुणीतरी खरं धरावं, येवढीच आस हुती, ती बी गेली.