वैजापूरच्या गाडीला पाचोडची पाटी

विशाखा : नाही पप्पा, मला आधी एवढंच सांगा. पडद्यामागं काय करत होते तुम्ही?

कडुबा : उभा होतो.

विशाखा : उभे होते!

कडुबा : मग काय बसू? ती खाट करकर वाजती, माय. तुझा इंटरव्ह्यू चालू, आन् मागून खाट बोलायली. बरं दिसलं असतं का? पाऊण तास उभा होतो. हाललो नाय.

विशाखा : हालले नाही. फक्त बोलले.

कडुबा : येकदाच बोललो.

विशाखा : एकदा बोललेलं पुरलं ना पप्पा! "पाटी सांग, विशू, पाटी!" स्टँडवर गाडी पुकारू राहिले का तुम्ही? तीन राउंड पार करून शेवटच्या राउंडला पोहोचले होते मी. समोर तिघं जण. पाऊण तास नीट बोलत होते. तो चष्म्यावाला साहेब तर एकदा हसला पण. आणि मागून माझा बाप ओरडला. त्यांनी काय विचारलं ऐकलं ना? खोलीत तुमच्यासोबत कोणी आहे का?

कडुबा : नाय म्हणायचं होतं.

विशाखा : पडदा हलत होता!

कडुबा : हां... त्ये मी पाय मागं घेतला तवा हालला असंल.

विशाखा : संपलं मग. "थँक यू" म्हणाले आणि स्क्रीन काळी. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

कडुबा : पर तू गप का झाली? मला वाटलं, पोरगी इसरली. मी मनात आकडे मोजले. येक, दोन, तीन... आठपोहोत गेलो. तरी तू गपच. मग नाय राहावलं.

विशाखा : तुम्हीच सांगितलं होतं! भरभर बोलू नको, दम घेऊन बोल, नाहीतर त्यांना वाटेल पोरगी वाचून दाखवू राहिली. सांगितलं होतं का नाही?

कडुबा : दम घे म्हणलतो. मुक्काम कर म्हणलं नव्हतं.

विशाखा : हसवू नका मला. आज नाही. मला आज कोणाचं डोकं फोडावं तेच कळत नाहीये.

कडुबा : माझं फोड. सकाळधरनं म्या काय कमी केलं, सांग बरं. आवाज नको म्हणून कूलर बंद ठिवला. भांडी वाजतील म्हणून तुझ्या आईला पाचोडला, मावशीकडं धाडलं. त्यो भंगारवाला, रोज दुपारी भोंगा लावून आपल्या छावणीच्या वस्तीत फिरतो, त्याला हात जोडले. म्हणलं, भाऊ, आजच्या दिवस खामोश ऱ्हा, पोरीचा इंटरव्ह्यू हाय. त्येनं ऐकलं बघ.

विशाखा : भंगारवाल्यानं ऐकलं. तुम्ही नाही ऐकलं.

कडुबा : व्हय. म्या नाय ऐकलं.

विशाखा : किती वाजले?

कडुबा : सवापाच.

विशाखा : सहापर्यंत त्या चिकलठाण्याच्या कंपनीला कळवायचंय. हो का नाही. सहा वाजले की ती ऑफरपण गेली. मी काय ठरवलं होतं? आज पुण्याच्या कंपनीचं पक्कं होईल आणि ह्यांना ऐटीत नाही म्हणून टाकीन. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

कडुबा : पर तिथं तुझं टेस्टिंगचं काम नाय म्हणली होती ना तू?

विशाखा : नाहीच आहे. दिवसभर फोन घ्यायचे. "सर, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा." चार वर्षं मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, आणि आता हे. वर दोन वर्षांचा बाँड. आणि डिग्रीची ओरिजनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडं जमा करायची, म्हणजे मधेच सोडून जाता येणार नाही.

कडुबा : कागद द्यायचा नाय.

विशाखा : पप्पा...

कडुबा : नाय म्हणलं ना. माझा बाप अंगठा लावायचा. मी धावी नापास. आपल्या घरातला पयला डिग्रीचा कागद हाय त्यो, आन् त्यो दोन वरसं दुसऱ्याच्या कपाटात? त्येचा मालक कोण, तू का ते?

विशाखा : बोलायला सोपं आहे. आठ महिने झाले घरी बसून. आधीच्या कंपनीचा प्रोजेक्ट बंद पडला, आख्ख्या टीमला एका दिवसात घरी पाठवलं, यात माझी काय चूक? पण जो तो तेच विचारतो, आठ महिने काय केलं? जसं काय मी आठ महिने आंबे खात बसले होते. सतरा इंटरव्ह्यू दिले मी!

कडुबा : आजचा अठरावा. वहीत लिवलंय.

विशाखा : आग लावा त्या वहीला! रोज संध्याकाळी ती घेऊन बसायचं, इंग्रजी प्रश्न मराठी अक्षरात लिहून घ्यायचे, मला विचारायचे, आणि माझी उत्तरं तुम्हीच पाठ करायची. कोणी सांगितलं होतं पाठ करायला?

कडुबा : पाठ नाय केली. ऐकून ऐकून झाली.

विशाखा : खरं सांगा. आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला? पोरगी डोळ्यासमोर राहिलेली बरी, चिकलठाण्याला गेली तर रोज घरी येईल. म्हणून मोडला ना माझा इंटरव्ह्यू?

कडुबा : विशाखा.

विशाखा : काय?

कडुबा : येकतीस वरसं एस.टी.त कंडक्टरकी केली म्या. चालत्या गाडीला उगंच घंटी मारून कधी थांबवली नाय. माझ्या पोरीची गाडी थांबवीन व्हय मी?

विशाखा : ...थांबा. फोन वाजतोय. पुण्याचा नंबर आहे. त्या एचआरच्या मोनिका मॅडम.

कडुबा : मी भायेर जातो.

विशाखा : कुठं जायचं नाही. बसा खाटेवर. करकर वाजू द्या तिला. स्पीकरवर टाकते, ऐका तुम्हीपण काय होतंय ते. हॅलो मॅडम.

मोनिका : हाय विशाखा. मी फिरवून फिरवून बोलत नाही हं, थेट सांगते. पॅनेलनं शेरा दिलाय, मुलाखतीत दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतली. अशा वेळी आमच्याकडे प्रोफाइल एक वर्षासाठी ब्लॉक होतं.

विशाखा : मॅडम, मदत नाही घेतली मी. ते माझे वडील होते. त्यांना वाटलं मी विसरले.

मोनिका : रेकॉर्डिंग मी ऐकलंय. 'पाटी' असा शब्द स्पष्ट येतो. पॅनेलमधलं कोणीच मराठी नाही. ते मला विचारत होते, हा तुमचा काही ठरलेला इशारा आहे का.

विशाखा : इशारा कसला मॅडम! उदाहरण आहे ते. प्रश्न होता सिव्हेरिटी आणि प्रायोरिटीचा. चूक किती मोठी आहे ती एक गोष्ट, आणि ती किती तातडीनं सुधारायची ती दुसरी. पुस्तकात एक ठरावीक उदाहरण असतं, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं. सगळे तेच सांगतात. वडलांचं वेगळं आहे. वैजापूरच्या गाडीला पाचोडची पाटी लागली. गाडीत बिघाड काहीच नाही. इंजिन चांगलं, ब्रेक चांगले. चूक काय, तर एक पत्र्याची पाटी. पण ती त्याच मिनिटाला बदलली नाही, तर अर्धी गाडी भलत्याच गावाला जाते.

मोनिका : अरे वा. खरं सांगू? रोज हे शब्द ऐकते मी, पण फरक आज नीट कळला. वडील याच फील्डमध्ये आहेत का?

विशाखा : ...नाही. ते ट्रान्सपोर्टमध्ये होते.

मोनिका : ओके. पण विशाखा, हे तुम्ही तिथं बोलायला हवं होतं. शेऱ्यात लिहिलंय, उमेदवार बराच वेळ गप्प राहिली, मग आवाज आला. उत्तर येत होतं तर थांबलात कशाला?

विशाखा : विचार करत होते, मॅडम.

मोनिका : हं. मी माझ्याकडून लिहून पाठवते वर, पण तुम्हाला खोटी आशा नाही लावणार. हे बदलत नाही सहसा. ऑल द बेस्ट.

विशाखा : थँक यू मॅडम. ...ठेवला.

कडुबा : ट्रान्सपोर्ट.

विशाखा : पप्पा...

कडुबा : नाय, चांगला शब्द हाय. भारी वाटतो. त्यात खोटं काय? गाडी म्हणजे ट्रान्सपोर्टच.

विशाखा : त्यांनी विचारलं ते तुम्हीपण विचारा ना. का थांबले होते मी?

कडुबा : जाऊ दे.

विशाखा : विचारा! दोन्ही उत्तरं येत होती मला. पुस्तकातलं पण आणि तुमचं पण. तुमचं सांगायचं होतं मला. ओठावर आलं होतं. मग मनात आलं, हे लोक विचारतील, ही एस.टी. कुठून आणली तुम्ही? मग तुमचं सांगावं लागेल. पुण्यात त्या आधीच्या नोकरीत पहिल्या दिवशी सगळे आपापल्या वडलांचं सांगत होते. कोणाचे डॉक्टर, कोणाचे बँकेत मॅनेजर. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, ट्रान्सपोर्टमध्ये. मग चार वर्षं तेच. आजपण तिथंच अडकले मी. तुम्ही ओरडले नसते ना, तर मी पुस्तकातलंच सांगितलं असतं.

कडुबा : आन् पास झाली असती.

विशाखा : झालेच असते! त्याचाच तर राग येऊ राहिला. तुमचा येतोय, माझा येतोय, त्या चष्म्यावाल्याचा येतोय. आणि लाज वाटू राहिली ती वेगळीच.

कडुबा : माझ्यामुळं गेली तुझी नोकरी. त्ये तर खरंच हाय. माफी माग म्हणली तर मागतो.

विशाखा : मागू नका. मला रडू येईल.

कडुबा : ती पाटी हाय ना, त्ये उदाहरण नाय. तसं झालतं. मीच इसरलो होतो बदलायला. नवीन होतो नोकरीत. येक म्हातारी पाचोडच्या बाजाराला निघालेली, दोन कोंबड्या घेऊन. तिकिटं फाडत फाडत मी तिच्यापोहोत गेलो तवर पार लासूर आलतं. तिला परतीच्या गाडीत बसवायला उतरलो. म्हणलं, आता ही चार लोकांत माझी इज्जत काढती. मी म्हणू राहिलो, चूक झाली मावशे, माझं चुकलं. ती काय म्हणली माहिती का? म्हणली, रडतो कशाला रं मुडद्या, पाटी बदल आधी. पुढच्या गावात आणखी कोणी चढंल.

विशाखा : हे नव्हतं सांगितलं कधी.

कडुबा : सांगण्यासारखं काय हाय त्यात? शिवी खाल्ली.

विशाखा : किती वाजले?

कडुबा : धा कमी सहा.

विशाखा : गुरुवारी एक इंटरव्ह्यू आहे. हैदराबादची कंपनी. पण पहिलाच राउंड. म्हणजे परत अ आ ई पासून. ह्या ऑफरला हो म्हणाले तर सोमवारपासून नोकरी. नाही म्हणाले तर परत ही वही, हा पडदा आणि तुम्ही.

कडुबा : माझी पेन्शन हाय, घर चालतंय. पर मी काय सांगत नाय आता. आज लई बोललो.

विशाखा : लिहिलं मी. "ऑफरबद्दल आभारी आहे, पण ओरिजनल सर्टिफिकेटं जमा करायची अट मला मान्य नाही." पाठवू?

कडुबा : आईला इचारायचं का?

विशाखा : आईला विचारलं तर सात वाजतील.

कडुबा : मग तुझं तू बघ. गाडी तुझी, घंटी तूच मार.

विशाखा : ...गेला मेल.

कडुबा : कूलर लावू का?

विशाखा : लावा. आणि गुरुवारी काय करणार तुम्ही?

कडुबा : गुरुवारी मी घरातच ऱ्हात नाय. सकाळच्या गाडीनं पाचोडला जातो. मावशीच्या शेतात जाऊन बसतो.

विशाखा : पक्कं?

कडुबा : पक्कं. फोनबी इथंच ठिवतो.

विशाखा : बरं. वही आणा ती.

कडुबा : आग लाव म्हणली होती ना?

विशाखा : आणा म्हणते ना. ज्या प्रश्नाला मी अडकले, तोच विचारा. खोलीत तुम्ही आहे असं समजू नका. तुम्ही तो चष्म्यावाला साहेब आहे.

कडुबा : हां. थांब, नीट बसतो. मिस विशाखा, सिव्हेरिटी आन् प्रायोरिटी, यातला फरक काय? उदाहरण देऊन सांगा.

(कडुबा वही छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून बसलेला. मनातले आकडे आठच्याही पुढं जातात.)

विशाखा : सर, माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते.