दातांत धरलेली दोरी

मी रोनिल काबासा, वय चोवीस, शिक्षण चौथी, धंदा पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरणे, मूळ गाव समार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, सध्या राहणार पुंता बाये बंदर, एफ्रेन सालोमा यांच्या घरी भाड्याने. ठाण्यात आपण होऊन आलो आहे. विचारल्यावरून सांगतो ते असे की,

तटरक्षक दलाला मदत करणाऱ्या स्वयंसेवक पाणबुड्यांच्या तुकडीत मी दोन वर्षे आहे. आम्हाला हुकूम मिळतो, पगार मिळत नाही. वर्षाला एक शर्ट मिळतो. एफ्रेन त्याच तुकडीत आहेत, शिवाय बेकायदा मासेमारी पकडणाऱ्या गावच्या समुद्र-गस्तीतही आहेत. मला तुकडीत त्यांनीच घेतले.

शनिवारी सकाळी बेटावरून येणारी लाकडी लाँच खडकांच्या रांगेजवळ उलटली. आम्ही पोचलो तेव्हा तिचे पोट वर होते आणि प्रवाशांना मच्छीमारांनी बाहेर काढले होते. तिकिटे फाडणारी मिलाग्रिन तेवढी सापडत नव्हती. मी आणि एफ्रेन यांनी तळ शोधला. दोघांच्याही टाक्या संपल्या. वर येताना मी लाँचला हात लावला, तेव्हा आतून ठोके आले.

दलाच्या साहेबांनी सांगितले की लाँच कापायची नाही, कापली तर आतली हवा जाईल आणि ती बुडेल, शहरातून मोठे पाणबुडे येईपर्यंत थांबा. साहेबांचे बरोबर होते. एफ्रेन गस्तीच्या बोटीने भरलेल्या टाक्या आणायला बंदरावर गेले. मी लाँचला धरून राहिलो. ठोके आधी भराभर येत होते, मग एकेक येऊ लागले.

तेवढ्यात खडकांच्या मागून तासियो बेंदानिया यांची होडी आली. ते खडकांच्या मागे काय करत होते ते मला विचारलेले नाही. त्यांच्या होडीवर कॉम्प्रेसर असतो, पंक्चरवाल्याकडे असतो तसाच. त्याची नळी तोंडात धरून खाली जायचे आणि मासे मारायचे. तुकडीत येण्याआधी मीही त्यांच्या नळीवर जायचो. या खाडीत त्याला बंदी आहे. त्यांना हाक मी मारली. ते आपण होऊन आले नाहीत, हे लिहून घ्यावे.

आमच्याकडे मोठ्याला नोंग म्हणतात आणि धाकट्याला दोंग. मी म्हणालो, "नोंग, नळी द्या."

ते म्हणाले, "दलाचा शर्ट घालून माझी नळी मागतोस? आधी शर्ट तरी काढ, दोंग."

मी शर्ट काढला. त्यांनी इंजिन सुरू केले, नळी माझ्या कमरेला एक वेढा देऊन बांधली आणि विचारले, "शाळेतलं काही आठवत नाही म्हणतोस, हे आठवतंय ना?"

"हे शाळेत नव्हतं म्हणून आठवतंय," मी म्हणालो.

"मग जा. मी इथून हलत नाही."

इंजिनघराच्या झाकणातून मी आत शिरलो. आत काळोख होता, डिझेल डोळ्यांत जात होते. वर हातभर हवा होती, तिथे मिलाग्रिनचे डोके होते.

तिने विचारले, "कोण?"

"रोनिल. टाक्या भरणारा."

"तिकीट काढलंस का?"

मी म्हणालो की परतीचे दोन दे. त्यावर ती रडायला लागली. तिचा पाय तांदळाच्या पोत्यांखाली अडकला होता आणि पोती भिजून फुगली होती. मी नळी तोंडातून काढून तिच्या तोंडाजवळ फळीत अडकवली. नळीची हवा आत येत होती तोवर पाणी तिच्या खांद्यांशी थांबले होते. मी बुडी मारून चाकूने पोते फाडायचो, वर येऊन श्वास घ्यायचो, पुन्हा खाली. दुसरे पोते फाडत असताना इंजिनाचा आवाज बंद झाला. पाण्याखाली तो आवाज अंगाला लागतो, म्हणून गेलेला लगेच कळतो.

मी वर आलो. नळी थोडी फुसफुसली आणि गप्प झाली. लाँचच्या फटींतून हवा निघून जात होती, पाणी तिच्या हनुवटीला आले. ती म्हणाली, "तू जा." मी नळीला हिसके दिले. वरून काही आले नाही. तिने तोंड वर केले आणि बोलणे बंद केले. मी पुन्हा खाली गेलो. पोत्यांखाली किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. तिचा पाय हातात आला तेव्हाच इंजिनाचा आवाज परत अंगाला लागला. नळीतून आधी तेलाचा वास आला, मग हवा आली.

नळीची हवा छातीत असताना श्वास धरून वर यायचे नसते, छाती फाटते. मी तिला सांगितले की वरपर्यंत ओरडत जायचे, शिव्या दिल्यास तरी चालेल. तिने दिल्या. ती जिवंत आहे, आपण इस्पितळात विचारावे.

वर आलो तेव्हा मी जे पाहिले ते असे. गस्तीची बोट तासियो यांच्या होडीला लागलेली होती. साहेबांची बोट लाँचच्या पलीकडे होती, त्यांना हे दिसले नसेल. गस्तीच्या दोघांनी तासियो यांचे हात मागे आवळून धरले होते. इंजिन ओढून सुरू करायची दोरी ते नेहमी चाकावर गुंडाळून तयार ठेवतात. ती दोरी त्यांच्या दातांत होती. इंजिन सुरू होते आणि त्यांच्या गंजीवर रक्त होते.

ज्या फिर्यादीवरून तासियो यांना अटक झाली तिच्यात असे लिहिले आहे की गस्त पाहून त्यांनी स्वतः इंजिन बंद केले, पळायचा प्रयत्न केला आणि गस्तीवाल्यांना ढकलले. इंजिन कोणी बंद केले ते मी पाहिले नाही, मी खाली होतो. पण मला पांघरूण देताना एफ्रेन म्हणाले, "कॉम्प्रेसर दिसला आणि सवयीने हात गेला रे. खाली तू असशील असं वाटलंच नाही." गस्तीवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात की कॉम्प्रेसरच्या होडीवर चढले की आधी इंजिन बंद करायचे, मग बोलायचे. त्यांनी मुद्दाम केले असे माझे म्हणणे नाही. पण फिर्याद त्यांची आहे.

तासियो यांच्या होडीला इंजिन एकच आहे. तेच होडी पळवते आणि तेच हवा भरते. पळणारा माणूस ते बंद करत नाही.

त्यांचा पुढचा एक दात नाही. शनिवारी सकाळी "शर्ट काढ" म्हणताना होता. जप्त केलेली होडी ठाण्याच्या मागे उभी आहे. इंजिनाखालच्या फळीत शोधावे.

एफ्रेन यांच्याशी माझे भांडण नाही. मी जबाब द्यायला येणार हे काल त्यांना सांगितले. तेव्हापासून माझी पिशवी त्यांच्या ओट्यावर आहे. माझा पुढचा पत्ता ठरला की कळवीन. तोवर तासियो यांच्या घरी विचारावे, ते सुटले तर.

हे सगळे जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवले, कारण मी अडखळत वाचतो. मी सांगितले तसेच आहे. एका जागी "आरोपी" असे लिहिले होते, तिथे मी तासियो बेंदानिया हे नाव घालायला लावले. खाली सही माझी आहे.

रोनिल काबासा