इस्माइलियाच्या काठावरची लेन्स

“हॅलो?… हॅलो, कोण?… हनादी? अगं मोठ्याने बोल, बाहेर गॅसवाला सिलिंडर बडवतोय… हां, आता बोल. कुठून बोलतेयस?… इस्माइलिया. म्हणजे गेलातच तुम्ही!”

पहाटे मायलेकी दबक्या पावलांनी घराबाहेर पडल्या तेव्हा हनादीचा बाप, कारागीर उस्ता वगदी, जागाच होता. भिंतीकडे तोंड करून त्याने झोपेचं सोंग आणलं होतं. मग कैरोतल्या आपल्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात येऊन तो सात वाजल्यापासून एकाच स्क्रूशी झटत बसला होता. ताअमियाचे वडे घातलेली भाकरी कागदात तशीच गार होऊन पडली होती.

“आई बरी आहे ना?… बरं. मग मला कशाला फोन?… काय धरत नाही?… फोकस? नीट सांग, धरून सुटतो की धरतच नाही?… आवाज तरी येतो का, घर्र असा?… काहीच नाही. हं… जहाज कुठवर आलंय?… मला काय करायचंय? अगं, वेळ किती आहे ते कळायला नको?… रांगेत तिसरं. आणि पहिलं आत्ता समोरून जातंय… म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. पुष्कळ झाली. घाबरू नकोस… मी कुठे घाबरलोय? तू घाबरलीयस.”

तिसऱ्या जहाजावर शिहाब होता. वगदीचा थोरला. हाताखाली दहा वर्षं काम शिकलेला मुलगा एके दिवशी म्हणाला, बाबा, लोक आता फोननेच फोटो काढतात, या टेबलावर माझं आयुष्य जाणार नाही, मी बोटीवर जातो. वगदी म्हणाला, जा, पण मग या दुकानाच्या दारात उभा राहू नकोस. तीन वर्षं झाली त्याला. मुलगा आईशी बोलायचा, बहिणीशी बोलायचा. बापाशी नाही, आणि बापही त्याच्याशी नाही. आता त्याचं गव्हाचं जहाज पहिल्यांदाच सुवेझच्या कालव्यातून जाणार होतं. थांबणार कुठेच नव्हतं. इंजिनखोलीतून थोडा वेळ सुटी मागून, इस्माइलियासमोर मी मागच्या उजव्या कोपऱ्यात झेंड्याखाली उभा राहीन, असं त्याने आईला कळवलं होतं.

“फोनने काढ ना मग फोटो… मुंगी दिसते? बरोबर आहे, मुंगीच दिसणार. बरं, ऐक. लेन्सच्या अंगावर एक खटका आहे, तो बघ. हाताचा फोकस की आपोआप… आपोआपवरच आहे? नक्की?… आई काय म्हणतेय मागून?… तिला सांग, मी शिव्या देत नाहीये, माझा आवाजच असा आहे… अगं ऐक ना. कॅमेरा बंद कर. आधी बंद कर, मग लेन्स काढ. अशी नाही, आडोशाला बस, वाळू जाईल आत… बसलीस?… बाजूला कोण बोलतंय? पहारेकरी?… फोटो काढू नका म्हणतोय?… फोन दे त्याला. नको, नको, आईलाच बोलू दे. ती मुलाचं नाव घेईल, तो गप्प बसेल.”

फोन कानाला धरून वगदी थांबला. पलीकडून शिहाबच्या आईचा, उम्म शिहाबचा, बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग कोणीतरी पुरुष हसला.

“काय झालं?… जहाजाचा काढा, चौकीचा काढू नका. शहाणा आहे… काय? रव्याचा बसबूसा दिला त्याला? डबा भरून नेलाय? अगं, जहाज थांबणार आहे का त्या बसबूसासाठी?… बरं, बरं. असू दे. रडवू नकोस तिला… आता तुझी छोटी लेन्स लाव. रोजची गं, वाढदिवसांना वापरतेस ती. लावली?… टक्क झालं? फिरवून टक्क व्हायलाच हवं. आता आईच्या चेहऱ्यावर धर… धरतो फोकस?… लगेच? मग कॅमेरा ठणठणीत आहे. दुखणं लेन्समध्ये आहे… या, या उस्ताद, बसा… तुला नाही, इथे गिऱ्हाईक आलंय… पासपोर्टचा फोटो? बसा हो जरा दोन मिनिटं. माझी मुलगी कालव्यावर अडकलीय… नाही, पाण्यात नाही पडलेली!”

गिऱ्हाईक, एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला आणि कान देऊन ऐकू लागला.

“हनादी, आता लांब लेन्स हातात घे. कॅमेऱ्यात बसते ती बाजू वर कर. तिथे सोनेरी ठिपके आहेत ओळीने, दिसले?… त्यांच्यातून कॅमेरा लेन्सशी बोलतो. मळले की दोघांचा अबोला… हो, हो, माहीत आहे कुणासारखा. जास्त बोलू नकोस, पूस. सुती फडका घे. थुंकी नाही! कोरडाच पूस… कॅमेऱ्याच्या तोंडावरचेही ठिपके पूस, हलक्या हाताने… आता लाव. सुरू कर… नाही?… दुसरं जहाज कुठे आहे?… समोर आलं? इतक्यात?… थांब. थांब, मला विचार करू दे.”

तो उठला. दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, एवढंच दुकान. आणि हनादीकडे लांब लेन्स आली कुठून? दुकानात लांब लेन्स दोनच. एक गिऱ्हाइकाची, काचेच्या पेटीत, समोरच दिसत होती.

“हनादी… पुन्हा काढ ती लेन्स. ठिपक्यांच्या बाजूला, धातूच्या कड्यात, एक बारीक खाच आहे का? स्क्रूच्या डोक्याला असते तशी… आहे?… आहे म्हणतेस.”

तो खाली बसला.

“ही माझी लेन्स आहे. कपाटातली… कधी काढलीस?… काल, मी नमाजाला गेलो तेव्हा. विचारता येत नव्हतं? मी काय नाही म्हटलं असतं?… हो. म्हटलं असतं… रडू नकोस. अगं, रडतेस काय, वेळ नाहीये! ऐक. लेन्सला काही झालेलं नाही. ती जुनी आहे, तिच्या पोटात मोटर नाही. मोटर असते कॅमेऱ्यात. कॅमेऱ्यातला स्क्रू त्या खाचेत शिरतो आणि लेन्स फिरवतो. तुझ्या हलक्या कॅमेऱ्यात तो स्क्रूच नाही. जन्मभर बटण दाबलंस तरी ती हलायची नाही… माझ्या कॅमेऱ्यात आहे. हा इथे, खिळ्याला लटकलाय. मग याच्यासकट नाही का न्यायची? अर्धीच चोरी कशाला केलीस? कुणी सांगितलं होतं तुला हा सोडून…”

पलीकडून उत्तर आलं. छोटंच. काल रात्री जेवताना तोच म्हणाला होता, त्या पोरासाठी माझ्या कॅमेऱ्याला कोणी हात लावायचा नाही. पाण्याचा पेलाही आपटला होता.

“…हो. मीच म्हणालो.”

मिशीवाल्या गृहस्थाने नजर खाली वळवली.

“बरं, झालं ते झालं. आता हाताने करायचं. लेन्सवरचा तो खटका हाताच्या फोकसवर ढकल… ढकललास? फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेव. उजवा हात बटणावर, डावा लेन्सच्या खाली, तळव्यावर तोल. कोपर पोटाशी. आता सरावाला दुसरं जहाज घे. मागचा उजवा कोपरा, झेंडा… सगळं पांढरं दिसतंय? दिसणारच, सकाळचं ऊन थेट तोंडावर आहे. आईला सांग, त्या डब्याचं झाकण लेन्सच्या वर धर, छपरासारखं… आलं थोडं? शाबास. आता लेन्सवरचं फोकसचं कडं फिरव. हळू. फिरवत राहा, स्पष्ट झालं तरी थांबू नकोस, पुढे जाऊ दे… पुन्हा धूसर झालं? आता मागे आण, किंचित… डोळ्यासमोरच्या चौकटीत, खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला?… पेटला! तो पेटला की श्वास धर आणि दाब… लुकलुकतोय? लुकलुकला तरी दाब. एकामागून एक दाब, दहातला एक लागतो… बघ बरं काय आलं… झेंड्याचे रंग कळतात? माणूस दिसतो? चेहरा?… नाक-डोळे कळतात! मग आणखी काय हवं!”

गिऱ्हाइकाने मांडीवर थाप मारली. वगदीने त्याला हाताने गप्प केलं, पण तोही उभा राहिला होता.

“आता कड्याला हात लावू नकोस. तिसरंही तेवढ्याच अंतरावरून जाणार… आलं? नाव वाच… तेच?… दिसला?… मग शोध! मागचा कोपरा, झेंड्याखाली… सगळेच नारिंगी कपड्यांत आहेत? मग उंच कोण ते बघ. खांदा डावीकडे झुकवून उभा राहतो तो… तो उभाच राहतो तसा, टेबलावर वाकून वाकून… हनादी?… हनादी, बोल ना!”

पलीकडे नुसती खटखट ऐकू येत होती. कॅमेऱ्याची ती खटखट ऐकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, पण एवढी जीव टांगणीला लावणारी खटखट त्याने कधी ऐकली नव्हती. मग उम्म शिहाब ओरडली. हे मात्र त्याला स्पष्ट ऐकू आलं. मुलाचं नाव, दोनदा.

“तोच आहे ना?… किती काढलेस?… सात-आठ? बस. बस झाले. आता कॅमेरा आईच्या हातात दे… फोटो राहू दे गं! ती डब्याचं झाकण धरून उभी आहे मघापासून, तिला बघू दे. पट्टा गळ्यात घाल तिच्या. तू झाकण धर… दिसतोय तिला?… काय म्हणतेय?… वाळलाय? बोटीवर कोण जाड होतो?… दाढी? चांगली की भिकाऱ्यासारखी?… हात हलवतोय. हलवू दे. तुम्हीही हलवा… काय करतोय?… मूठ? डोळ्याला मूठ लावतोय? कशी? नीट सांग… मूठ वळून एका डोळ्याला लावली, आणि दुसरा हात असा… कुठे, म्हणून विचारल्यासारखा?”

बारीक काम करताना वगदी डोळ्याला भिंगाची नळी लावतो. शिहाब लहानपणी आईला ‘बाबा कुठे’ असं बोलून विचारत नसे, मूठ डोळ्याला लावून विचारायचा. घरात सगळे हसायचे.

“…मला विचारतोय तो… आई काय म्हणाली?… नाही म्हणून मान हलवली? अगं, एवढ्या लांबून त्याला काय दिसणार! आता गेलं का पुढे?… पाठ दिसते? झेंडाच दिसतो. हं.”

त्याने डोळे पुसले, ते गिऱ्हाइकासमोरच. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“हनादी, ऐक. जहाज सुवेझला किती वाजता पोचेल?… पहारेकऱ्याला विचार, तो तिथे आहेच ना… तीनच्या सुमाराला? तिथल्या बूर तौफीकच्या काठावरून जाणार, समुद्रात शिरायच्या आधी… माहीत आहे मला, मी तिथे मासे धरलेत. तुम्ही दोघी आत्ताच्या आत्ता सुवेझची गाडी पकडा. लेन्स पिशवीत नीट गुंडाळ, दोन्ही झाकणं लाव… मी? मी इथून निघतो. दोन तासांत पोचतो… हो, हो, कॅमेरा घेऊन! नुसता येऊन काय करू?… अगं, दुपारी ऊन आपल्या पाठीमागून असेल. त्याच्या तोंडावर उजेड पडेल… आईला म्हणावं, आता रडू नको… आणि त्याला कळव, फोन लागतोय तोवर… काय कळवू? कळव की झेंड्याखालीच उभा राहा… नाही, माझं नाव घालून कळव. बाबांनी सांगितलंय म्हणून… उस्ताद, तुमचा फोटो उद्या… काय? सुवेझला जाणाऱ्या गाड्यांच्या तळापर्यंत सोडता? मग उठा, उठा लवकर!… नाही गं, तुला नाही. ठेव आता फोन. ठेव म्हणतो ना, मला दुकानाचं शटर ओढायचंय!”